सहा महिने वाढवून मिळतील का?

डहाणूजवळच्या मसोलीत एसी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी किंमत विचारतं. मग किती स्टार, आणि मग वर्षाला लाइट किती खाणार. तिसऱ्या प्रश्नावर दुकानदार खोक्यावरच्या चिठ्ठीकडे बोट दाखवतो. तिथे एक आकडा छापलेला असतो, इतके युनिट, प्रतिवर्षी. गिऱ्हाईक मनातल्या मनात विजेच्या दराने गुणाकार करतं आणि मान हलवतं.

त्या आकड्यामागे एक गृहीतक आहे. एसी वर्षाला १६०० तास चालेल असं धरून तो काढलेला असतो. म्हणजे रोज आठ तास, असे दोनशे दिवस. रात्री झोपताना लावला आणि सकाळी बंद केला, तर हिशेब साधारण जुळतो. पण दवाखान्यात किंवा मोबाईलच्या गाळ्यात दिवसभर चालणाऱ्या यंत्राला तो आकडा लागू पडत नाही. बाहेरचं तापमानही २४ ते ४३ अंशांमध्ये कसं विभागलेलं असेल, त्यातले किती तास किती अंशांचे, हे देशभरासाठी एकच ठरवून टाकलेलं आहे. समुद्रावरून येणारा खारा वारा बाहेरच्या युनिटच्या कॉइलचं काय करतो, याला त्या हिशेबात जागा नाही. डहाणूच्या किनाऱ्यावर एसी दुरुस्त करणाऱ्याला मात्र तेच आधी दिसतं.

हे १६०० तास, हे अंश कुणी ठरवले? कागदोपत्री उत्तर सोपं आहे: ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी, म्हणजे २००१च्या ऊर्जा संवर्धन कायद्याखाली उभी राहिलेली केंद्र सरकारची संस्था. पण सरकारी संस्था असे आकडे एकटी ठरवत नाही. तिच्या तांत्रिक समित्यांच्या टेबलाभोवती प्रयोगशाळांची माणसं बसतात, अधिकारी बसतात आणि उद्योगाच्या संघटना बसतात. या प्रकरणाचा विषय त्या तिसऱ्या खुर्चीवर बसणारे लोक.

मसोलीतून हा विषय पाहायचं कारण आहे. २० जून १९९१च्या केंद्रीय अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला आणि तिथे कोणते उद्योग येऊ शकतात, किती जागेवर येऊ शकतात, यावर मर्यादा आल्या. चिकूच्या वाड्या राहिल्या, टीव्ही जोडणारे मोठे कारखाने आले नाहीत. ते त्याच जिल्ह्यात, पण पलीकडे वाड्याकडे गेले. भिवंडी-वाडा रस्त्यावर कुडूसला ओनिडाचा कारखाना उभा राहिला. डहाणूला फक्त दुसरं टोक आलं: विकत घेणं, वापरणं, दुरुस्त करणं आणि शेवटी भंगारात घालणं. धोरणं जिथे ठरतात तिथून हे टोक सगळ्यात लांब, म्हणूनच त्या धोरणांचा परिणाम इथे नीट दिसतो.

व्यापारी संघटना ही आपल्याकडे जुनी गोष्ट आहे. बॉम्बे चेंबर १८३६चं, इंडियन मर्चंट्स चेंबर १९०७चं, आणि वालचंद हिराचंद यांनी पुढाकार घेतलेलं महाराष्ट्र चेंबर १९२७चं. ही सगळी सर्व धंद्यांची मिळून. एका धंद्यापुरत्या संघटना नंतर आल्या. इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग बनवणाऱ्यांची एल्सिना १९६७मध्ये झाली, संगणकवाल्यांची मेट १९८२मध्ये. घरातल्या वस्तूंसाठी आज सगळ्यात ठळक नाव कन्झ्युमर इलेक्ट्रॉनिक्स अँड अप्लायन्सेस मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशनचं, लघुरूप सीईएएमए. पूर्वी ती मुख्यतः टीव्हीवाल्यांची होती; फ्रिज, वॉशिंग मशीन, एसी बनवणारे पुढे त्याच छपराखाली आले. एसी आणि फ्रिजची आणखी एक वेगळी, रामा. पंख्यांची इफ्मा, दिव्यांची एल्कोमा. एकच मोठी कंपनी यांतल्या तीन-चार ठिकाणी सभासद असते. जाहिरातीत एकमेकांची उणीदुणी काढणाऱ्या कंपन्या इथे शेजारी शेजारी बसून एकाच निवेदनाखाली सह्या करतात.

या प्रकाराचं अमेरिकेतलं रूप पाहण्यासारखं आहे, कारण त्याची एक खूण मसोलीतल्या कुठल्याही दुरुस्तीच्या दुकानात सापडते. १९२४ साली शिकागोत रेडिओ बनवणारे एकत्र आले. त्यांची संघटना रेडिओ मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन म्हणून ओळखली जाऊ लागली. तेव्हा प्रत्येक कारखान्याचे सुटे भाग वेगळे, खुणा वेगळ्या. रेझिस्टर तर इतका बारीक की त्यावर आकडा छापणं अवघड आणि वाचणं त्याहून अवघड. संघटनेने रंगांच्या पट्ट्यांची पद्धत ठरवली: काळा म्हणजे शून्य, तपकिरी एक, लाल दोन. पिवळा, जांभळा आणि लाल अशा पट्ट्या असतील तर ४७ आणि पुढे दोन शून्यं, म्हणजे ४७०० ओहम. सोनेरी पट्टी असेल तर पाच टक्के इकडे-तिकडे. आयटीआयमध्ये शिकलेला प्रत्येक जण हे रंग बी. बी. रॉय या नावाने सुरू होणाऱ्या एका इंग्रजी वाक्याने पाठ करतो. ही पद्धत कुठल्या सरकारने लादलेली नव्हती. स्पर्धकांनी आपल्या सोयीसाठी मान्य केली आणि नंतर ती जगाचं प्रमाण झाली. संघटनेचं सगळ्यात चांगलं काम हे असं असतं. ते कुणाला दिसतही नाही.

त्याच संघटनेने नावं बदलत बदलत १९६७मध्ये न्यूयॉर्कला पहिला कन्झ्युमर इलेक्ट्रॉनिक्स शो भरवला. आज ती कन्झ्युमर टेक्नॉलॉजी असोसिएशन आहे आणि लास वेगासचं ते प्रदर्शन तिच्या कमाईचं मोठं साधन आहे. दरवर्षी जानेवारीत आपल्या वर्तमानपत्रांत कागदासारखा गुंडाळता येणारा टीव्ही, बोलणारा फ्रिज अशा बातम्या येतात, त्या तिथल्या. त्यातलं फार थोडं डहाणूपर्यंत पोचतं.

आपल्याकडच्या संघटना प्रदर्शनापेक्षा वेगळ्या गोष्टीत तरबेज आहेत. माझ्या मते त्यांचं खरं चलन म्हणजे मुदत. नियम रद्द करा असं त्या सहसा म्हणत नाहीत. नियमाचं स्वागत करतात, त्यामागच्या हेतूचं कौतुक करतात आणि मग विचारतात, सहा महिने वाढवून मिळतील का?

टीव्हीचं उदाहरण घ्या. ३ ऑक्टोबर २०१२ला केंद्राने सक्तीच्या नोंदणीचा आदेश काढला. पंधरा प्रकारच्या वस्तू भारतीय मानक ब्युरोकडे नोंदवल्याशिवाय विकता येणार नाहीत. त्यांत ३२ इंच आणि त्याहून मोठे सपाट टीव्ही होते. अंमल सहा महिन्यांनी व्हायचा होता, तो जुलै २०१३वर गेला. कारणं खोटी नव्हती. मान्यताप्राप्त प्रयोगशाळा मोजक्या, तपासायची मॉडेलं खूप, आणि कारखाना परदेशात असेल तर नोंदणी त्या कारखान्याची लागते. आज टीव्हीच्या मागे आर अक्षरापुढे आठ आकडी क्रमांक दिसतो, तो या आदेशामुळे.

एसीच्या स्टारचंही तेच. खोलीच्या एसीला स्टारची चिठ्ठी २०१०च्या जानेवारीपासून सक्तीची झाली. त्यानंतर दर काही वर्षांनी पट्टी वर सरकवली जाते, म्हणजे कालचा पाच स्टार आज चार स्टार होतो. यंत्र तेच, वीज तेवढीच, फक्त चिठ्ठीवरचा एक तारा कमी. नवी पट्टी जानेवारी २०२२पासून लागू व्हायची होती. कोविडचं कारण पुढे करून उद्योगाने वेळ मागितला आणि ती १ जुलैला लागू झाली. इतर कुठल्याही धंद्यात सहा महिने म्हणजे अर्धं वर्ष. एसीच्या धंद्यात जानेवारी ते जून म्हणजे जवळजवळ सगळं वर्ष. अख्खा उन्हाळा जुन्या पट्टीवर निघून गेला.

याचा दुकानदाराला फायदा की तोटा? दोन्ही. मुदत वाढली की गोडाऊनमधला जुना माल ताऱ्यांसकट विकता येतो. पण मुदत संपली की कंपनीचा माणूस स्कीम घेऊन येतो, जुना स्टॉक उचला, जास्त मार्जिन देतो. ज्याच्याकडे भांडवल आहे तो उचलतो. ज्याच्याकडे नाही, त्याच्या दुकानात पुढच्या सीझनला गिऱ्हाईक येऊन विचारतं की बाजारात पाच स्टार स्वस्त मिळतोय, तुमच्याकडे का नाही. आणि घेणारा मात्र कोणत्या सालच्या पट्टीवरचे पाच तारे आपण घेतोय हे बहुधा वाचत नाही, जरी ते चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. एसी घेताना ताऱ्यांआधी ती वर्षं वाचावीत, एवढा एकच व्यावहारिक सल्ला या प्रकरणात देतो.

तिसरं उदाहरण सगळ्यात वेगवान. ३ ऑगस्ट २०२३ला सरकारने लॅपटॉप, टॅब्लेट यांच्या आयातीला परवाना सक्तीचा केला, तोही लगेच. दुसऱ्याच दिवशी अंमल ३१ ऑक्टोबरपर्यंत पुढे गेला. ऑक्टोबरात परवान्याच्या जागी नोंदणीसारखी सौम्य व्यवस्था आली, आणि ती पुढे वाढत राहिली. या माघारीमागे देशी संघटनांबरोबर परदेशी कंपन्यांच्या संघटना आणि त्यांची सरकारंही होती. इतक्या लवकर माघार सहसा होत नाही.

डहाणूकरांना मुदतवाढीची भाषा नवी नाही. इथल्या ५०० मेगावॅटच्या औष्णिक वीज प्रकल्पाने धुरातलं गंधक काढणारी यंत्रणा बसवावी, असा आदेश न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालच्या डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९९मध्ये दिला होता. यंत्रणा चालू व्हायला २००७ उजाडलं. त्या प्रकल्पाची वीज मुंबईच्या उपनगरांतले एसी आणि फ्रिज चालवते. इथे फरक एवढाच की टेबलाच्या दुसऱ्या बाजूला हटून बसणारं कुणीतरी होतं, आणि ते स्थानिक लोकांनी लढून मिळवलं होतं.

मुदतीनंतरचं दुसरं चलन म्हणजे कराची रेघ. जुलै २०१७मध्ये जीएसटी आला तेव्हा टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, एसी २८ टक्क्यांच्या घरात गेले. वर्षभराने, २७ जुलै २०१८ला, फ्रिज, वॉशिंग मशीन आणि ६८ सेंटिमीटरपर्यंतचे टीव्ही १८ टक्क्यांवर आले. १ जानेवारी २०१९पासून ती रेघ ३२ इंचांवर गेली. त्यानंतर जवळजवळ पावणेसात वर्षं ३२ इंचांचा टीव्ही १८ टक्क्यांत आणि ४३चा २८ टक्क्यांत. मधल्या मापांना बाजारात फारसा अर्थ उरला नाही. सीईएएमए दर अर्थसंकल्पाआधी एसी आणि मोठ्या टीव्हीवरचा कर कमी करा म्हणत राहिली.

शेवटी तो कमी झाला आणि कसा झाला हे दुकानदार विसरणार नाहीत. १५ ऑगस्ट २०२५ला लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी होणार असल्याची घोषणा झाली. गणपती २७ ऑगस्टला. ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेने निर्णय घेतला, दर लागू झाले २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी. म्हणजे घोषणेपासून पाच आठवडे, ऐन गणपतीच्या दिवसांत, कुणी मोठा टीव्ही का घ्यावा? ४० हजारांच्या टीव्हीत मूळ किंमत ३१ हजार २५०. तोच १८ टक्क्यांच्या नव्या दराने ३६ हजार ८७५. थांबलं की तीन हजार १२५ वाचतात. गिऱ्हाईक थांबलं. उत्पादकांची जुनी मागणी पूर्ण झाली आणि तिची किंमत काही आठवडे काउंटरमागच्या माणसाने मोजली. जुन्या किमतीच्या खोक्यांवर नवी किंमत चिकटवायची सोय सरकारने केली, पण बंद पडलेल्या विक्रीवर चिकटवायला काही नव्हतं.

इथे एक फरक स्पष्ट होतो. उत्पादकांची संघटना आणि विक्रेत्यांची संघटना एका बाजूला असतीलच असं नाही. कॉन्फेडरेशन ऑफ ऑल इंडिया ट्रेडर्स आणि मोबाईल विक्रेत्यांची ऐम्रा या संघटना गेली काही वर्षं ऑनलाइन कंपन्यांशी भांडत आहेत. तक्रार अशी की काही मोबाईल फक्त ऑनलाइनच येतात, आणि ठरावीक विक्रेत्यांना असे दर मिळतात की दुकानदाराला खरेदीच त्याहून महाग पडते. दिल्ली व्यापार महासंघाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२०मध्ये अॅमेझॉन आणि फ्लिपकार्टच्या चौकशीचा आदेश दिला. या लढाईत मोबाईल बनवणाऱ्या कंपन्या दुकानदारांच्या शेजारी उभ्या राहिल्या नाहीत. मसोलीतल्या दुकानदाराने भिंतीवर कंपनीचा बोर्ड लावलेला असतो, पण ती कंपनी त्याची संघटना नव्हे.

त्याच स्पर्धा आयोगासमोर एकदा एक छोटी संघटना उभी राहिली होती, तिची गोष्ट सांगायलाच हवी. वस्तू होती साधा सेल. रेडिओत घालायचा, भिंतीवरच्या घड्याळात घालायचा, आणि मुख्य म्हणजे बॅटरीत. वीज जाते तेव्हा पाड्यावर, पहाटे होडी लोटताना किनाऱ्यावर, रात्री वाडीत फिरताना बॅटरी लागतेच. हे सेल बनवणाऱ्या तीन मोठ्या कंपन्या, एव्हररेडी, निप्पो बनवणारी इंडो नॅशनल आणि पॅनासॉनिक, यांनी मिळून किमती ठरवल्या, असं आयोगाने १९ एप्रिल २०१८च्या आदेशात म्हटलं. असोसिएशन ऑफ इंडियन ड्राय सेल मॅन्युफॅक्चरर्स या त्यांच्या संघटनेचं व्यासपीठ त्यासाठी वापरलं गेलं.

उघडकीला कसं आलं तेही मजेशीर आहे. पॅनासॉनिक स्वतः आयोगाकडे गेली. कटातला जो पहिला कबूल करेल आणि पुरावे देईल त्याचा दंड माफ होऊ शकतो, अशी कायद्यात तरतूद आहे. पॅनासॉनिकचा दंड पूर्ण माफ झाला. एव्हररेडीला १७१ कोटी ५५ लाख आणि इंडो नॅशनलला ४२ कोटी २६ लाख रुपयांचा दंड झाला. एव्हररेडी पुढे अपिलात गेली. संघटनेचा दंड होता एक लाख ८५ हजार. कोटींच्या रांगेत हा आकडा गमतीचा वाटतो, पण तो बरोबर आहे: संघटनेचा दंड तिच्या उत्पन्नावर मोजतात, आणि ते उत्पन्न म्हणजे सभासदांची वर्गणी. तिचं मोल पैशांत नसतं. ती एक खोली असते, जिथे स्पर्धकांना भेटायला सबब मिळते. रेझिस्टरच्या रंगांवर एकमत तिथेच होतं आणि सेलच्या भावावरही तिथेच.

आता मेकॅनिक. अमेरिकेत १९८९मध्ये घरोघरी होम थिएटर, पडदे, दिवे, कॅमेरे जोडून देणाऱ्यांनी स्वतःची सेडिया नावाची संघटना काढली. ती प्रशिक्षण देते, प्रमाणपत्रं देते, तारा कशा टाकाव्यात यावर शिफारशी करते. घर बांधणारा आणि उपकरणं बनवणारा यांच्यामधल्या माणसाला तिथे खुर्ची आहे. आपल्याकडे हेच काम करणारा माणूस एकाच दिवशी डिश बसवतो, एसीत गॅस भरतो, वॉशिंग मशीनचा पीसीबी काढून तपासतो आणि इन्व्हर्टरची जोडणी करतो. त्याचं ज्ञान खरं आहे आणि त्याचं निवेदन कुठेही जात नाही. सुटा पार्ट कंपनी फक्त आपल्या सर्व्हिस सेंटरला देते, सर्किटचा नकाशा देत नाही, ही त्याची तक्रार. सरकारने डिसेंबर २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं; कोणती वस्तू किती दुरुस्त होण्याजोगी आहे हे सांगणारा निर्देशांक कसा असावा, यावरच्या समितीने मे २०२५मध्ये अहवाल दिला. हा निर्देशांक स्टारसारखा खोक्यावर आला, तर मसोलीच्या गिऱ्हाइकाचा चौथा प्रश्न तयार होईल. तोपर्यंत किती मुदतवाढी होतात ते बघायचं.

वस्तूचं शेवटचं स्टेशन भंगार, आणि इथे सध्याचा सगळ्यात गरम वाद आहे. ई-कचऱ्याचे पहिले नियम मे २०१२पासून लागू झाले: जो बनवतो त्यानेच जुन्या वस्तूंची विल्हेवाट लावायची. एप्रिल २०२३पासून नवे नियम आले. कंपनीने गोळा करत फिरायचं नाही. नोंदणीकृत पुनर्वापर कारखान्याकडून प्रमाणपत्रं विकत घ्यायची, ठरलेल्या टक्केवारीएवढी. कंपन्या त्यासाठी कारखान्यांना फार कमी पैसे देतात, असं सरकारला वाटलं, म्हणून सप्टेंबर २०२४मध्ये किमान दर ठरवला: घरगुती इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी किलोला २२ रुपये. उद्योगाने हा खर्च झेपणार नाही असं सांगितलं. यावेळी नुसती निवेदनं झाली नाहीत. डायकिन, व्होल्टास, सॅमसंग, एलजी अशा कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या.

मसोलीतला बंद पडलेला फ्रिज मात्र भंगारवाल्याच्या टेम्पोत चढतो. तो पैसे देऊन घेतो, म्हणून लोक त्यालाच देतात. कॉम्प्रेसर आणि तांब्याची नळी आधी निघते, कारण भाव त्याला आहे. मग पत्रा, मग प्लास्टिक. आतला फोम कुणी घेत नाही. प्रमाणपत्र तयार होतं ते माल नोंदणीकृत कारखान्याच्या काट्यावर पोचला तरच, आणि त्या कारखान्यांना माल मिळवायचा असेल तर तो याच टेम्पोवाल्यांकडून, ते सांगतील त्या भावाने घ्यावा लागतो.